बॅबिलोनी भूमिती आणि जमीनमोजणी: सुरुवात कुठून करू?

नीलपंख: नमस्कार मंडळी. मी शाळेत गणित शिकवते. नववीच्या मुलांसमोर बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवरचं गणित मांडायचं आहे. व्हिडिओ पाहिले, तर सगळे प्लिम्प्टन ३२२ या आकड्यांचा तक्ता असलेल्या पाटीवर, आणि सगळ्यांत ‘जगातली पहिली त्रिकोणमिती’. भरवशाचं काय वाचू?

माळरान: प्लिम्प्टन नंतर घ्या. आधी अमेरिकेतल्या येल विद्यापीठातली वायबीसी ७२८९ ही पाटी दाखवा. तळहातावर मावणारी गोल पाटी, त्यावर चौरस आणि त्याचे कर्ण. बाजूवर ३०, कर्णावर १;२४,५१,१०. (स्वल्पविराम आपल्या सोयीचे, पाटीवर नसतात.) त्यांचे आकडे साठाच्या पटीत चालतात, ते मुलांनाच उलगडू द्या: १ + २४/६० + ५१/३६०० + १०/२१६०००. उत्तर १.४१४२१२९६ येतं, √२ आहे १.४१४२१३५६! जवळपास पावणेचार हजार वर्षांपूर्वीचं हे काम आहे.
वाचायला गणिताच्या इतिहासकार एलिनॉर रॉब्सन यांचं ‘मॅथेमॅटिक्स इन एन्शंट इराक’ (२००८) घ्या. प्लिम्प्टन हा गणितं तयार करायला शिक्षकाच्या उपयोगी पडणारा तक्ता, असं त्या मांडतात. मलाही तेच पटतं, कारण त्या काळच्या गणितात कोन मोजलेलेच दिसत नाहीत.

बांधावरून: मोजणीसाठी एसआय ४२७ ही पाटी बघाच. १८९४ मध्ये आजच्या इराकमधल्या सिप्परला सापडली, आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. विकल्या जाणाऱ्या जमिनीचा नकाशा आहे तो. गणितज्ञ डॅनियल मॅन्सफिल्ड यांनी २०२१ मध्ये दाखवलं की काटकोन धरायला त्यात ५-१२-१३ आणि ८-१५-१७ ही पायथागोरसची त्रिकुटं (काटकोन त्रिकोणाच्या बाजू) वापरली आहेत.
आणि मोजणीदारांचं क्षेत्रफळाचं ढोबळ सूत्र वर्गात जरूर घ्या: समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. समांतर बाजू १० आणि २०, तिरक्या दोन्ही १३, असा समलंब चौकोन द्या. सूत्राने १९५ येतं, खरं क्षेत्रफळ १८०. शेत काटकोनी नसेल तर हे सूत्र नेहमी जास्तच दाखवतं. का, ते मुलांना शोधू द्या. माझ्या मते या विषयातला सगळ्यात सुंदर प्रश्न हाच.

नीलपंख: १३ हा कर्ण, उंची १२! लक्षात आलं. त्यांची मापं आपल्या हिशोबात कशी सांगू?

बांधावरून: लांबीचं माप ‘निंदन’: एक निंदन म्हणजे १२ हात, साधारण ६ मीटर. चौरस निंदन म्हणजे सार, ३६ चौरस मीटर. १०० सारांचा एक इकू, म्हणजे आपले साडेपस्तीस गुंठे. एकराला थोडा कमी.

माळरान: पाट्यांचे फोटो ‘क्युनिफॉर्म डिजिटल लायब्ररी’च्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. वायबीसी ७२८९ हाच क्रमांक टाकून शोधा.