रेफ्रीचा शर्ट आणि टीमची जर्सी एकाच रंगाची, मग बदलायचं कुणी?

शिट्टी_कोल्हापूर

मंडळी, यंदाच फुटबॉल रेफ्रीची परीक्षा पास झालोय. बॅगेत शर्ट दोनच, एक काळा आणि एक पिवळा. परवा तालुक्याच्या एका स्पर्धेत गेलो तर एक टीम गडद निळ्या जर्सीत, दुसरी पिवळ्यात, आणि पिवळ्यांचा गोलकीपर वरपासून खालपर्यंत काळा! काळाच घातला, करतोय काय. पहिल्याच हाफात निळ्यांच्या एका पोरानं मान वर न करता सरळ मला पास दिला. बॉल माझ्या बुटाला लागून पिवळ्यांच्या फॉरवर्डकडं गेला. शिट्टी मारून ड्रॉप बॉल दिला (म्हणजे खेळ थांबवून, मी बॉल खाली टाकून पुन्हा सुरू केला), तर कट्ट्यावरनं ओरडा सुरू, "ए रेफ्री, तू कुणाकडनं खेळतोयस?"

आयोजक म्हणतात शर्टाचं रेफ्रीनं बघायचं. मी म्हणतो फुटबॉलच्या नियमावलीतला नियम ४, जर्सी-बुटांचा, टीमसाठी आहे. कोण बरोबर? आणि ड्रॉप बॉल बरोबर होता का?

कूपरेजकर

ड्रॉप बॉल बरोबर. पूर्वी रेफ्री म्हणजे मैदानाचाच भाग, लागला तर लागला, खेळ चालू. जून २०१९ पासून बदललं. रेफ्रीला लागून बॉल थेट गोलमध्ये गेला, दुसऱ्या टीमकडे गेला किंवा त्यातून चांगली चढाई सुरू झाली तर थांबवायचं. ड्रॉप निळ्यांनाच दिलास ना? शेवटचा स्पर्श त्यांचा होता.

आता शर्ट. नियम ४ सांगतो की दोन्ही टीम एकमेकींपासून आणि रेफ्री-लाइन्समनपासून वेगळ्या दिसल्या पाहिजेत, आणि गोलकीपर या सगळ्यांपासून वेगळा. बदलायचं कुणी, यावर नियम गप्प. ते स्पर्धेच्या नियमावलीत असायला हवं, आणि आपल्याकडे ती बहुतेक वेळा बक्षिसांच्या रकमेपुरतीच छापतात. इंग्लंडमध्ये स्थानिक लीगला सरळ लिहिलेलं असतं की खेळाडूंनी काळा किंवा फार गडद शर्ट घालायचा नाही, तो रेफ्रीचा. वरच्या पातळीवर उलटं झालं. १९९२ ला प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा रेफ्री हिरव्या शर्टात आले, काळा मोकळा झाला, आणि पुढच्याच वर्षी मँचेस्टर युनायटेडनं काळी अवे जर्सी (बाहेरच्या मैदानावर खेळताना घालायची) काढली.

मॅचच्या आदल्या दिवशी आयोजकांकडून दोन्ही टीमच्या जर्सीचे फोटो मागव, गोलकीपरचेसुद्धा. नुसतं 'निळा' लिहून आलं तर विश्वास ठेवू नकोस. अरे, १९७८ च्या वर्ल्डकपला अर्जेंटिनात, मार देल प्लाता शहरात, फ्रान्स आणि हंगेरी दोघंही पांढऱ्या जर्सी घेऊन पोचले होते. शेवटी फ्रान्स तिथल्या किंबर्ली नावाच्या क्लबच्या हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सीत खेळलं, आणि ३-१ जिंकलंही.

आणि तिसरा शर्ट घेच. पोपटी नाहीतर गुलाबी. हसतील, पण पास देणार नाहीत.

काळापांढरा_सांगली

कूपरेजकर काका, एक भर. मला लाल-हिरवा नीट वेगळा दिसत नाही. पुरुषांत साधारण बारात एक जण असा असतो, म्हणजे मैदानावरच्या बावीस जणांत एखाद-दुसरा निघायचाच. २०१८ च्या वर्ल्डकपची पहिली मॅच रशिया लाल, सौदी हिरवे. घरचे सगळे गोल मोजत होते, मी माणसं शोधत होतो.

सोपा उपाय: आलेले फोटो मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. दोन्ही जर्सी सारख्याच करड्या दिसल्या तर रंगांची नावं कितीही वेगळी असोत, गोंधळ होणार. गडद निळा आणि काळा तर या परीक्षेत कधीच पास होत नाहीत.

शिट्टी_कोल्हापूर

हे भारी आहे. ड्रॉप निळ्यांनाच दिला होता, काका. पण आयोजकांना फोटो मागितला की उत्तर येतं, "या तर खरं, बघू." आणि शॉर्ट-सॉक्सचं काय? निळ्यांचे सॉक्स पण काळे होते.

कूपरेजकर

शॉर्टचं सोड. रेफ्रीची शॉर्ट काळीच, आणि निम्म्या टीमची पण. माझ्या मते रेफ्रीच्या सॉक्सपेक्षा दोन टीमचे सॉक्स वेगळे असणं जास्त महत्त्वाचं. टॅकलच्या गर्दीत बॉल शेवटी कुणाला लागून बाहेर गेला हे आपण जर्सीवरून नाही, सॉक्सवरून ओळखतो. थ्रो-इनची निम्मी भांडणं तिथंच होतात.

"बघू" म्हणणाऱ्यांसाठी बॅगेत स्वतःचे बिब (जर्सीवरून चढवायच्या बिनबाह्यांच्या बंड्या) ठेव, एकाच रंगाचे, भडक. पण आधी गोलकीपरला बदलायला लाव, एका माणसाचं काम असतं. खेळाडूंना बिब घातलेस की पाठीचे नंबर झाकले जातात, मग कार्ड दाखवताना नाव विचारत बसावं लागतं. दोन्ही गोलकीपर सारख्या शर्टात आले आणि दोघांकडेही दुसरा नसला तर नियमच खेळवायला परवानगी देतो, तिथं वाद घालू नकोस. बाकी काहीच जमलं नाही तर मॅच खेळव आणि रिपोर्टात रंगांसकट लिहून दे. दोन-तीन रिपोर्ट गेले की पुढच्या वर्षीच्या पत्रकात जर्सीची ओळ येते.