अनुभव धागा: कोवळ्या वयातलं प्रेम, मनातले इमले आणि नंतरचं दुःख

रानवारा
काल भाचीचा फोन आला. आवडत्या मुलानं नाही म्हटलंय आणि घरात सगळे एकच सांगतायत, "या वयात होतंच असं, विसरशील." ते ऐकलं आणि माझं जुनं सगळं वर आलं.

आमचं कुणालाच माहीत नव्हतं. तो अपघातात गेला. सगळा वर्ग त्याच्या घरी गेला, तशी मीही गेले. वर्गमैत्रिणीला शोभेल एवढंच रडले. त्याच्या आईनं विचारलं, "तू पण याच्याच वर्गातली का गं?" मी नुसती मान हलवली. त्यानंतर कितीतरी वर्षं मी याबद्दल कुणाशी चकार शब्द बोलले नाही. तुमच्यापैकी कुणी असं एकटीनं, एकट्यानं सोसलंय का? लिहा.

पाऊलखुणा
वाचून पोटात कालवलं गं. "याच्याच वर्गातली का"... बाप रे.

निळी_छत्री
आमच्यात कुणी गेलं नाही, त्याच्या वडिलांची बदली झाली. तो पत्र लिहीन म्हणाला होता. पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की मी जिन्यात. मनात घर थाटून झालं होतं, पडद्यांचा रंगसुद्धा ठरला होता. प्रत्यक्षात आम्ही धड चार वाक्यं बोललो नसू. पण रडू खरंच होतं हो, ते खोटं नव्हतं. जे आयुष्य जगायचं ठरवलं होतं ते गेलंच की.

समुपदेशक_ताई
रानवारा, दुःखाचा अभ्यास करणारे केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये नेमकं यावरच लिहिलं. ज्या नात्याला लोक नातं मानत नाहीत, ते तुटलं तर दुःख करायचा हक्कही देत नाहीत. सुट्टी नाही, सांत्वनाला कुणी येत नाही. मग माणूस आतल्या आत कुढतो. चोरून केलेल्या प्रेमात तर हे हमखास.

आणि दुःखाचे ते पाच टप्पे (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) सगळ्यांना पाठ असतात ना, ते मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडले ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी ते क्रमानं चढायचे जिने नव्हेत. आज हसलात आणि उद्या परत रडलात तर काहीही बिघडलेलं नाही.

मीच_तो
थोडं अवांतर. माझ्याकडे जुन्या फोनवर तिचे मेसेज आहेत. ती आता नाही. फोनची बॅटरी फुगलीये. मेसेज वाचवता येतील का?

पाऊलखुणा
@मीच_तो आधी चार्जिंग बंद करा, फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. दुरुस्तीवाल्याकडून बॅटरी बदलून घ्या. मग व्हॉट्सॲपवर तिचं चॅट उघडून वरची तीन टिंबं, मोअर, एक्सपोर्ट चॅट. स्वतःला मेल करा. फोन आधी रीसेट करू देऊ नका!!

मीच_तो
खूप आभार. आजच जातो.

दोन_मुलांची_आई
माझा मुलगा खोलीबाहेर येत नाही, जेवत नाही, सारखा तिचे फोटो बघतो. मोबाइल काढून घेऊ का?

समुपदेशक_ताई
हिसकावू नका, विश्वास जाईल. प्रेमाचा अभ्यास करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रेमभंग झालेल्या १५ तरुणांना त्या व्यक्तीचा फोटो दाखवत मेंदूचे स्कॅन घेतले. व्यसनाच्या ओढीत जे भाग जागे होतात त्यातलेच काही जागे झालेले दिसले. म्हणजे तो हट्ट करत नाहीये, त्याला ओढ आवरत नाहीये. फोटो तूर्त दुसऱ्या कुणाकडे ठेवायला दे, असं त्याला सुचवा. निर्णय त्याचा.

एक मात्र आजच करा. जगणं नकोसं वाटतं का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, लगेच डॉक्टर गाठा.

निळी_छत्री
आणि "दुसरी मिळेल" कुणालाही म्हणू देऊ नका. मला ते वाक्य अजून टोचतं.

रानवारा
भाचीला "विसरशील" ऐवजी "सांग, तो कसा होता" म्हटलं. तासभर बोलत होती. मला कुणी हे विचारलंच नव्हतं.

दोन_मुलांची_आई
विचारलं आत्ता, दारातच उभं राहून. "नाही गं आई, तसं काही नाही. पण बस जरा," म्हणाला. बसतेय त्याच्याजवळ, बाकीचं नंतर लिहिते.