स्वस्तातले कार चेस पिक्चर: थरार की नुसतं भंगार?

बाकावरचा:
परवा रात्री झोप लागेना म्हणून १९७४ चा 'गॉन इन सिक्स्टी सेकंड्स' परत लावला. निकोलस केजचा नाही, तो २००० सालचा रिमेक, हा मूळचा, एच. बी. हॅलिकीचा. बायको पाणी प्यायला उठली, दोन मिनिटं दारात थांबली आणि म्हणाली कुणाच्या लग्नाची कॅसेट आहे का ही. आता दिसतो तसाच त्याला मी काय करू. ओठ एकीकडे आवाज एकीकडे, कलाकार म्हणजे निम्मे हॅलिकीच्या ओळखीपाळखीतले, आणि गोष्ट एवढीच की पाच दिवसांत ४८ गाड्या चोरून द्यायच्यात. पहिला तासभर मलाही डुलकी लागते, खोटं कशाला बोलू.

पण एकदा तो पिवळी मस्टँग घेऊन सुटला की चाळीस मिनिटं थांबत नाही आणि तेवढ्यात ९३ गाड्या फुटतात. हिशोब केला मी, सरासरी दर २६ सेकंदांना एक. हा हॅलिकी मूळचा टोइंग आणि भंगारातल्या गाड्यांचा धंदेवाला, लेखक तोच, डायरेक्टर तोच, पैसे त्याचे, हिरो तोच आणि स्टिअरिंगवरही तोच. बजेट दीड लाख डॉलरच्या आसपास. रिमेकला ९ कोटी डॉलर लागले आणि त्यात पुलावरची मोठी उडी कॉम्प्युटरच्या मदतीनं केलेली, ह्या पठ्ठ्यानं १२८ फूट खरी मारली.

मला काय आवडतं सांगू का, ती गाडी डोळ्यादेखत संपत जाते. सुरुवातीला चकाचक असते आणि शेवटाला पत्रा लोंबतोय, बोनेटचा आकार राहिलेला नाही, तरी ओढतेय बिचारी. आताच्या पिक्चरमध्ये गाडी आपटली की आपल्याला माहीत असतं मागं अजून दहा उभ्या आहेत. आणि फुटपाथवरची माणसं बघा, बरीचशी खरीखुरी रस्त्यावरची आहेत, तोंड वासून बघतायत, तसा चेहरा पैसे देऊन मिळत नाही.

आमच्या गावात स्टँडच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये व्हिडिओ पार्लर होतं, दोन रुपयात बाकड्यावर बसायचं. इंग्रजीचा एक शब्द कुणाला कळायचा नाही पण गाडी वळणावर घसरली की अख्खं बाकडं एका बाजूला कलायचं. असल्या पिक्चरला भाषा लागतच नाही. तुमचं काय मत, जोडे आणलेत तरी चालतील.

मधली_सुट्टी:
जोडेच आणलेत.

अहो बाकावरचे, पेटीतला एक आंबा गोड निघाला म्हणून अख्ख्या पेटीचं कौतुक करताय तुम्ही. हॅलिकी आठवतो कारण बाकीचे दोनशे आपण विसरलो. मी नव्वदच्या दशकात केबलवर हेच रतीब लावून बघितलेत, लॉस एंजेलिसच्या त्या पीएम एंटरटेनमेंटवाल्यांचे थेट कॅसेटवर यायचे ते पण. फॉर्म्युला पाठ आहे. रस्त्यावर कारण नसताना रिकामी खोकी रचलेली असतात. एक उभी गाडी असते, तिच्या मागं रॅम्प लपवलेला असतो, तो नीट लपलेलाही नसतो. पाठलाग करणारा इमानदारीत येऊन बरोब्बर त्याच रॅम्पवर चढतो, हवेत एक गिरकी, आणि जमिनीला टेकायच्या आधीच स्फोट!! हिरो पाच गिअरच्या गाडीत नऊ वेळा वरचा गिअर टाकतो. आणि मातीच्या रस्त्यावर टायर किंचाळतात, मातीवर, हे मला आजपर्यंत कुणी समजावलेलं नाही.

चाळीस मिनिटं चेस ही तारीफ नाहीये राव, ती तक्रार आहे. दहाव्या मिनिटाला मला कळत नाही कोण कुणाच्या मागं आहे आणि विसाव्याला फरक पडत नाही. कोणाचं काय पणाला लागलंय तेच माहीत नसेल तर ९३ काय ९३० फोडा, भंगारवाल्याचं गोडाऊन बघितल्यासारखंच आहे ते.

गॅरेजवाला_सातारा:
माती वर टायरचा आवाज नंतर चिकटवतात साहेब, ते सगळ्यांना माहीत आहे. पण उडीबद्दल बोलतो कारण आमचा धंदा आहे. गाडीत इंजिन पुढं असतं, म्हणजे वजन पुढं, त्यामुळे उडवली की नाक खाली करून पडते, विहिरीत बादली पडते तशी. म्हणून स्टंटवाले डिकीत वजन भरतात, वाळूची पोती, काँक्रीट वगैरे. पडल्यावर शॉकअपचा विषयच सोडा, चासी वाकते, दरवाजे परत लागत नाहीत. पिक्चरमध्ये पुढच्या शॉटला तीच गाडी सरळ पळताना दिसली तर समजायचं ती दुसरी आहे. त्या अमेरिकेतल्या नारंगी डॉज चार्जर गाडीवाल्या टीव्ही सीरियलनं, 'द ड्यूक्स ऑफ हॅझार्ड'नं, अशा तीनशेच्या आसपास गाड्या संपवल्या, एकेक एपिसोडला उडी, दुसरं काय होणार.

आता ज्याच्याकडं एकच गाडी आहे तो काय करणार, तर उडी शेवटी ठेवणार. त्यामुळं स्वस्तातल्या पिक्चरमध्ये आधी ब्रेक, घसरणं, रिव्हर्समध्ये पळवणं, अरुंद बोळातून काढणं असलं जास्त असतं आणि मला तेच बघायला आवडतं. ती ड्रायव्हिंग आहे. उडी म्हणजे गुंतवणूक बुडवणं.

कटपॉइंट:
मी एडिटिंग करते, टीव्हीवर, त्यामुळे माझ्या दोन्ही बाजू आहेत.

मधली_सुट्टी म्हणतात ते रॅम्प, खोकी सगळं खरं. अजून एक लबाडी सांगते, कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी २० किंवा १८ फ्रेमनं चालवायचा, मग पडद्यावर गाडी जोरात पळते. ओळखायचं कसं, तर गाडीकडे बघूच नका, फुटपाथवरच्या माणसाकडे बघा, तो जर तुरुतुरु चालत असेल तर झोल आहे. आणि एकच टक्कर तीन कॅमेऱ्यांनी घेऊन तीनदा दाखवतात, ते तर मी सिरियलमध्ये सासूच्या चेहऱ्याबरोबर रोज करते.

पण चुकांवरून बजेट ओळखू नका. १९६८ चा 'बुलिट' काही गरीब पिक्चर नव्हता, तरी त्यात तीच हिरवी बीटल पुन्हा पुन्हा ओव्हरटेक होते आणि व्हिलनच्या चार चाकांच्या गाडीचे चारापेक्षा जास्त व्हीलकॅप उडतात. कोणाचं काही बिघडलं का, नाही. कारण सॅन फ्रान्सिस्कोचे चढउतार पोटात जाणवतात.

माझा मुद्दा वेगळाय. 'ड्युएल' घ्या, १९७१, टीव्हीसाठी केलेला, दोन आठवड्यांच्या आत शूटिंग उरकलेलं, स्पीलबर्ग तेव्हा पंचविशीचाही नव्हता. एक सेल्समन, एक लाल गाडी, एक कळकट टँकर ट्रक. ड्रायव्हरचा चेहरा दाखवतच नाहीत, म्हणजे एका नटाचे पैसेही वाचले आणि भीतीही वाढली. शेवटी ट्रक दरीत जातो तो शॉट एकदाच घेता येणार होता, आणि नीट बघितलं तर केबिनचं दार उघडं दिसतं, कारण स्टंट ड्रायव्हरनं उडी मारलीय. चूकच आहे. पण कथेत एकच माणूस आहे आणि त्याला घरी जायचंय एवढं पहिल्या दहा मिनिटांत कळलेलं असतं, त्यामुळे मला दार दिसलं तरी चालतं. बाकावरचे, तुमच्या हॅलिकीत हे नाहीये, तिथं मधली_सुट्टींशी मी सहमत. पैसे कमी असणं आणि लिहायचा कंटाळा असणं ह्या दोन गोष्टी आहेत आणि लोक दुसरीला पहिलीच्या नावावर खपवतात.

बाकावरचा:
कटपॉइंट ताई लिहायचा कंटाळा हे मान्य. पण मला वाटतं सगळ्याच पिक्चरनी गोष्टच सांगावी असं कुठं आहे, कुस्ती बघताना आपण पैलवानाची आई आजारी आहे का विचारत नाही.

मधली_सुट्टी:
कुस्ती चाळीस मिनिटं चालली तर मैदानातले लोक "सोडवा" म्हणून ओरडतात 😄

यारा_काठचा:
मेलबर्नहून लिहितोय, आमच्या गावाचा पिक्चर कुणीच काढला नाही म्हणून. 'मॅड मॅक्स', १९७९, बजेट साडेतीन-चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. इथून दीड-दोन तासांवर क्लून्स नावाचं जुनं सोन्याच्या खाणींचं गाव आहे, त्यात काही शूटिंग झालेलं, मी मागच्या हिवाळ्यात पोरांना घेऊन गेलो होतो, इतकं शांत गाव की आमच्या गाडीचं दार लागल्याचा आवाज मोठा वाटला.

त्याचा डायरेक्टर जॉर्ज मिलर हा डॉक्टर होता, सिडनीत हॉस्पिटलच्या इमर्जन्सीमध्ये काम केलेला, अपघातातली माणसं रोज बघितलेला. म्हणून त्या पिक्चरमध्ये टक्कर झाली की मजा वाटत नाही, पोटात गोळा येतो. सुरुवातीच्या चेसमध्ये एका व्हॅनचा चुराडा होतो ना, ती मिलरची स्वतःची माझदा बोंगो होती, पैसेच नव्हते दुसरी आणायला. मोटरसायकल गँगमध्ये खऱ्या क्लबमधले बायकर होते. आणि बाकावरचे तुमच्या भाषेच्या मुद्द्यावर, अमेरिकेत हा पिक्चर लावताना ऑस्ट्रेलियन इंग्रजी कळणार नाही म्हणून अमेरिकन आवाजात डब केला होता!! म्हणजे तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणि अमेरिकेत फार फरक नव्हता.

खर्चाच्या मानानं कमाईचा गिनेस रेकॉर्ड ह्याच्याकडं कितीतरी वर्षं होता, तेव्हा दोनशेतला एक आंबा म्हणून उडवू नका.

ऊन_सावली:
एवढं सगळं वाचलं, मजा आली, आता मी विरजण घालते.

सगळे "खरं आहे, खरं आहे" म्हणून खूश आहात. खरं म्हणजे काय ते तरी पूर्ण सांगा. त्या १२८ फुटांच्या उडीत हॅलिकीचे पाठीचे मणके दबले. त्याच पिक्चरमध्ये मस्टँग खांबाला धडकते तो प्लॅन नव्हता, खरा अपघात होता, तोच पिक्चरमध्ये ठेवला. आणि १९८९ मध्ये दुसऱ्या भागाचं शूटिंग चालू असताना, पाण्याची टाकी पाडायच्या सीनच्या तयारीत केबल तुटली, तिनं खांब तोडला आणि तो खांब अंगावर पडून माणूस गेला. ह्या धाग्यात इतक्या वेळा त्याचं नाव आलं आणि हे एकानंही लिहिलं नाही.

यारा_काठचा, तुमच्या मॅड मॅक्सची आधी ठरलेली हिरॉइन वेगळी होती. शूटिंगच्या सुरुवातीलाच ती आणि स्टंटचं काम सांभाळणारा ग्रँट पेज बाइकवरून जात असताना अपघात झाला, दोघांचे पाय मोडले, तिचा रोल दुसरीला गेला. डॉक्टर डायरेक्टर असून.

आणि ती फुटपाथवरची तोंड वासलेली माणसं, ज्यांचा चेहरा पैसे देऊन मिळत नाही म्हणताय, त्यांना कोणी विचारलं होतं का? माझा भाऊ हायवेला उभा असताना एका रीलवाल्या पोरानं हँडब्रेक मारून गाडी फिरवली, दीड फुटावर थांबली ती. भावाचं तोंडही तसंच वासलेलं होतं. मस्त चेहरा आला असेल.

बाकावरचा:
हॅलिकी कसा गेला ते माहीत होतं. लिहिलं नाही. का नाही लिहिलं ते आत्ता विचार करतोय.

तरी एक म्हणेन, त्यानं मान घातली ती स्वतःची, भाड्याचा माणूस बसवला नाही गाडीत. स्टुडिओवाले दुसऱ्याचे मणके वापरतात आणि नाव हिरोचं लावतात. फुटपाथवाल्यांचं मात्र तुमचं बरोबर आहे, त्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

कटपॉइंट:
ऊन_सावली, मला पटलं आणि तरी अडचण अशी की प्रेक्षक म्हणून डोळ्याला कळतं. क्लॉड लेलूश ह्या फ्रेंच डायरेक्टरनं एका छोट्या फिल्मसाठी १९७६ मध्ये पहाटेच्या पॅरिसमधून सिग्नल तोडत गाडी पळवली, आठ मिनिटांच्या वर एकच शॉट, रस्ता बंद नाही, परवानगी नाही. आवाज फेरारीचा आहे आणि गाडी प्रत्यक्षात मर्सिडीज होती, म्हणजे अर्धं खोटंच. पण कबुतरं उडतात आणि रस्ता ओलांडणारं माणूस दिसतं तेव्हा माझा श्वास अडकतो, आणि तो अडकतो कारण ते माणूस खरं आहे. मला ह्याची लाज वाटते, पण मी ते चारदा बघितलंय.

ऊन_सावली:
चारदा. बरं.

मधली_सुट्टी:
मी तर म्हणतो कॉम्प्युटरवरच करा, कुणाचे मणके नकोत. फक्त त्या गाडीला वजन द्या, आपल्याकडची स्कॉर्पिओ हवेत पतंगासारखी तरंगते आणि उतरल्यावर हिरोच्या केसालाही धक्का नाही. हे मात्र स्वस्तात पण होतं आणि महागात पण होतं, तिथं सगळे भाऊभाऊ.

गॅरेजवाला_सातारा:
लिहू का नको करत होतो पण लिहितोच. बारा तेरा वर्षांपूर्वी आमच्याकडं एक मंडळी आली होती, मराठी पिक्चर करत होते, तो पुढं रिलीज झाला नाही. चेस करायचाय म्हणाले आणि गाडी नव्हती. माझी जुनी ओमनी होती विकायला काढलेली, ती भाड्यानं मागितली, वर म्हणतात डेंट पडला तर तुम्हीच काढून द्याल ना. ड्रायव्हर पण नव्हता त्यांच्याकडं. मग मीच बसलो, हिरोचा शर्ट घालून. खालच्या शेताच्या बांधावरून गाडी उडवायची होती, फूटभर उडाली असेल, डिकीत खताची चार पोती टाकली होती मी. पडली ती चारी चाकांवर पडली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, दिवसाचे पैसे आणि मिसळ मिळाली. मागचा पाटा तुटला होता, तो माझ्या खिशातून. मोबाईलवर कोणीतरी शूट केलेलं आहे, अजून बघतो मधनंमधनं.

ऊन_सावली:
दादा, बेल्ट लावला होता का?

गॅरेजवाला_सातारा:
बेल्ट सीटखाली गेला होता ताई. हात घालून बघितलं नाही, लाइट जात होता.