प्रति: हिप्प्युरिक आम्लाचा पीक दुप्पट का होत नाही?
एसीई (अँजिओटेन्सिन-कन्व्हर्टिंग एन्झाइम) सब्सट्रेट, म्हणजे ज्यावर ते काम करतं तो पदार्थ, तोडून हिप्प्युरिक आम्ल सोडतं आणि ते आपण एचपीएलसी यंत्रावर मोजतो. तुमच्या चाचणीत १५ मिनिटांच्या तुलनेत ३० मिनिटांच्या नमुन्यात त्याचा पीक (आलेखावरचा उंचवटा) जेमतेम सव्वापट भरतोय, म्हणून कॉलम (घटक वेगळे करणारी यंत्रातली नळी) बदलायची घाई करू नका. बहुधा एसीई जास्त पडलंय आणि सब्सट्रेट संपत आलाय. एन्झाइम पातळ करा, सब्सट्रेटचं रूपांतर १० टक्क्यांच्या आत ठेवा. ५, १०, १५ मिनिटांचे बिंदू सरळ रेषेत येतात का ते बघा. क्रिया १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने तिथल्या तिथे थांबवा. मुंबईच्या उकाड्यात बाकावरच्या व्हायलमध्ये (नमुन्याच्या छोट्या कुपीत) क्रिया गप्प बसत नाही! ब्लँकमध्ये (क्रिया न होऊ देता तुलनेसाठी ठेवलेल्या नमुन्यात) आम्ल आधी, एन्झाइम नंतर. २२८ नॅनोमीटर तरंगलांबीला हिप्प्युरिक आम्लासोबत सब्सट्रेटही दिसतो, तेव्हा दोन्ही पीक बेसलाइनपर्यंत (आलेखाच्या तळरेषेपर्यंत) सुटे हवेत. आणि हो, फॉस्फेट बफरमागोमाग थेट शुद्ध ॲसिटोनायट्राइल सोडू नका, क्षार साचून प्रेशर चढतं. मध्ये ९०:१० पाणी-ॲसिटोनायट्राइलने कॉलम धुवा.