लाइन गेली म्हणजे नक्की काय गेलं?

गेल्या उन्हाळ्यात दारव्ह्याच्या आत्याचा फोन आला. आवाजात वैताग. "अवं, लाइन गेली वं, दुपारपासून नाही." मी ठाण्यात वाढले. माझ्या कानाला लाइन म्हणजे सेंट्रल लाइन, नाहीतर हार्बर. तिच्या गावाजवळून जाणारी शकुंतला नावाची छोटी रेल्वे तर कधीचीच बंद पडलेली, मग ही कुठली लाइन गेली? मी तसं विचारलंही. आत्या म्हणाली, "रूळ कायचे वं, पंखा बंद हाय इकडं!"

विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात लाइन म्हणजे वीज. आमच्याकडे "लाइट गेली" म्हणतात, तिकडे "लाइन गेली". विजेची तार ती लाइन, तारेतून येते तीही लाइन, आणि ती खांबावर चढून दुरुस्त करतो तो लाइनमन. आत्याच्या घरी तर "या आठवड्यात लाइन रात्रीची आहे" हे वाक्य उच्चारलं की घरातल्या पुरुषांची झोप गेली असं समजायचं. शेतीपंपाला थ्री फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. मग गव्हाला पाणी द्यायला बॅटरी आणि काठी घेऊन रात्री दोन वाजता विहिरीवर जायचं. वाक्य पाच शब्दांचं, पण त्यात थंडी, विंचूकाटा, चिखल सगळं आलं.

त्या फोननंतर हा शब्द डोक्यातून जाईना. मी भाषांतराचं काम करते. इंग्रजी मजकुरात हा शब्द दिसला की दर वेळी थांबावं लागतं. कवितेची असेल तर ओळ, कागदावरची असेल तर रेघ, भूमितीतली रेषा, माणसांची रांग, जेवणाऱ्यांची पंगत, झाडांची ओळ, सैन्याची फळी, टेलिफोनची तार, कपडे वाळत घालायची दोरी, मासे धरायच्या गळाची दोरी. नटाच्या तोंडी असेल तर वाक्य, घराण्याची असेल तर पिढी किंवा वंश, आणि कुणी विचारलं की तुमची लाइन कुठली, तर धंदा. इंग्रजीत हे सगळं एकाच शब्दावर भागतं. का भागतं, याचं उत्तर शोधायला गेले आणि पोचले थेट आत्याच्या स्वयंपाकघरात, जवसाच्या चटणीच्या बरणीपाशी.

कारण या शब्दाचं मूळ जवसात आहे. लॅटिनमध्ये जवसाच्या रोपाला लिनुम म्हणत. त्या रोपाच्या खोडापासून धागा निघतो. आपल्याकडे अंबाडी किंवा घायपात पाण्यात कुजवून वाख काढतात, तसाच जवसाच्या उंच जातीच्या काड्या कुजवून, कुटून, विंचरून युरोपात वाख काढत. त्या धाग्याचं कापड ते लिनन. आणि त्या धाग्याची दोरी ती लिनेआ. पुढे जुन्या इंग्रजीतला दोरी या अर्थाचा शब्द आणि फ्रेंचमधून आलेला रेघ या अर्थाचा शब्द एकमेकांत मिसळले आणि आजचा लाइन झाला. जवसाच्या बीला इंग्रजीत लिनसीड म्हणतात तेही यामुळेच. जमिनीवर अंथरायचं लिनोलियम जवसाच्या तेलापासून बनतं म्हणून त्याला ते नाव. लाँजरी हा बायकांच्या अंतर्वस्त्रांसाठीचा शब्दही फ्रेंच मार्गाने याच लिननमधून आला. क्रिकेटच्या बॅटला लाकूड चिरू नये म्हणून जे तेल पाजतात ते जवसाचंच. म्हणजे लाइन आणि लेन्थ धरून टाकलेला चेंडू ज्या बॅटवर आदळतो, तिच्याही अंगात जवस मुरलेलं असतं. हे कळलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

एकदा दोरी हा मूळ अर्थ धरला की बाकीचे अर्थ त्यातून सहज उलगडतात. दोरी दोन खुंट्यांना ताणून बांधली की ती सरळ होते. तिच्या कडेने खूण केली की रेघ झाली. तिच्या कडेने माणसं उभी केली की रांग, अक्षरं मांडली की ओळ, रूळ टाकले की रेल्वे. तिच्यातून काही वाहायला लागलं की ती विजेची, फोनची, पाण्याची लाइन. आणि ती अशी आहे की तिच्या पलीकडे जायचं नाही, असं कुणी ठरवलं की ती हद्द.

हद्दीच्या या अर्थाने आपल्या उपखंडाला फार दुखवलं आहे. १८९३ ची अफगाणिस्तानकडची ड्युरँड, १९१४ ची तिबेटकडची मॅकमोहन, आणि १९४७ ची फाळणीची रॅडक्लिफ. त्याआधी कधी हिंदुस्थानात पाऊल न टाकलेल्या रॅडक्लिफ नावाच्या माणसाने जेमतेम पाच आठवड्यांत पंजाब आणि बंगालवर ती ओढली आणि ती जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून गेल्यावर. तोवर सीमेवरच्या कितीतरी गावांना आपण कुठल्या देशात आहोत हेच ठाऊक नव्हतं. इथे मराठीने लाइन घेतली नाही, रेषाच ठेवली. सिमला करारानंतरची नियंत्रण रेषा, चीनकडची प्रत्यक्ष नियंत्रण रेषा. दारिद्र्यरेषाही तशीच. जिथे सरकार, नकाशा किंवा गणित आहे तिथे रेषा, आणि जिथे माणसं उन्हात उभी आहेत तिथे लाइन. रेशनच्या दुकानासमोर कुणी "मी रेषेत उभा आहे" म्हणत नाही.

डेडलाइनचीही गोष्ट अशीच अंगावर येणारी आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात जॉर्जिया राज्यातल्या अँडरसनव्हिल इथे १८६४ साली युद्धकैद्यांसाठी तुरुंग उघडला. उंच कुंपणाच्या आत काही अंतरावर लाकडी कठड्याची एक हद्द होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकऱ्याने गोळी घालायची. तीच डेड लाइन. त्या तुरुंगात सुमारे तेरा हजार कैदी मेले, बहुतेक उपासमारीने आणि रोगाने. पुढे हा शब्द वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत शिरला आणि काम देण्याची शेवटची वेळ असा त्याचा अर्थ झाला. मला डेडलाइन म्हणायला आवडत नाही, ते या माहितीमुळेच. मराठीत मुदत आहे. मुदत संपते, वाढते, मागता येते, आणि देणाऱ्याचं मन मोठं असेल तर मिळतेही. कामाच्या ताणाला तुरुंगातल्या गोळीचं नाव द्यायची गरज नाही असं मला मनापासून वाटतं.

आता व्याकरण. लाइन मराठीत आली ती स्त्रीलिंगी होऊन. इंग्रजीत या शब्दाला लिंग नाही, मग आपण ते ठरवलं कशावरून? ओळ, रांग, रेघ, तार, दोरी, पंगत, सगळ्या स्त्रीलिंगी. ज्या घरात ती राहायला आली त्या घराचं लिंग तिने घेतलं. लाइटच्या बाबतीत तर हे आणखी स्पष्ट दिसतं. "तो लाइट बंद कर" म्हणताना मनात दिवा असतो म्हणून पुल्लिंग, आणि "लाइट गेली" म्हणताना मनात वीज असते म्हणून स्त्रीलिंग. शब्द परका असला तरी त्याच्यामागे आपला शब्द उभा असतो. लाइनला आपण विभक्तीही आपलीच लावली. लाइनीत उभा राहा, लाइनीवर आलाय आता, एका लाइनीनं बसा. "लाइनीत" असं म्हणणारा माणूस इंग्रजी बोलत नसतो, मराठीच बोलत असतो. भाषाशुद्धीचा आग्रह धरणाऱ्यांनी या ईकाराकडे जरा मायेने पाहावं.

काही अर्थ तर आपण स्वतःचे घडवले. पोरगा लाइनीला लागला म्हणजे नोकरीधंद्यात स्थिरावला. लाइन मारणे, लाइन देणे हे कॉलेजच्या कट्ट्यावरचे. आणि शेतकऱ्याची पाइपलाइन! शहरातल्या माणसाला ती नुसती नळी वाटते. पण गावात "त्यांनी पाइपलाइन केली" हे "त्यांनी मुलीचं लग्न केलं" याच वजनाने सांगतात. नदीवरून किंवा दूरच्या विहिरीवरून स्वतःच्या रानात पाणी आणायचं, त्यासाठी कर्ज काढायचं, दुसऱ्याच्या बांधातून चर खणायला त्याची मनधरणी करायची. "करणे" हे क्रियापद तिथे फार मोठं आहे.

गावांच्या नावांतली लाइन मात्र लष्कराकडून आली. छावणीत तंबू किंवा बराकी ओळींनी उभ्या करत, म्हणून त्या वस्तीलाच लाइन्स म्हणू लागले. मुंबईचं मरीन लाइन्स स्टेशन समुद्राकाठच्या रुळांमुळे मरीन लाइन्स झालं असं पुष्कळांना वाटतं, मलाही कॉलेज संपेपर्यंत वाटायचं. खरं तर तिथे मरीन बटालियनची वस्ती होती, आणि त्या वस्तीचं नाव स्टेशनाला मिळालं. नागपूरची सिव्हिल लाइन्स लष्करी नसलेल्या अधिकाऱ्यांची. सोलापुरात रेल्वे लाइन्स नावाचा भाग आहे. आणि जिल्ह्याच्या प्रत्येक गावी असते ती पोलीस लाइन. तिथे वाढलेली मुलं "मी लाइनीतला" असं आपुलकीने सांगतात.

शिंप्याच्या दुकानातली एक गंमत सांगायलाच हवी. मामेबहिणीने ब्लाउजसाठी कापड दिलं आणि "लाइनिंगचं शिवा" म्हणाली. शिंप्याने पट्ट्यापट्ट्यांचं कापड काढून दाखवलं, कारण मराठीत लाइनिंगचा शर्ट म्हणजे रेघारेघांचा शर्ट. तिला हवं होतं अस्तर. इंग्रजीत लाइनिंग म्हणजे अस्तरच, आणि तेही जवसामुळेच: कपड्याच्या आतून लिनन लावत म्हणून आतून कापड लावण्याला ते क्रियापद पडलं. म्हणजे रेघ आणि अस्तर, दोन्ही एकाच रोपाची. शिंप्याचं चुकलं नव्हतं, बहिणीचंही नाही. "अस्तर लावा" म्हटलं असतं तर मात्र दोघांचा वेळ वाचला असता.

हेच मला मुख्यतः म्हणायचं आहे. लाइन हा शब्द घ्यायला माझी हरकत नाही, तो आपला झालेला आहे. पण तो आला म्हणून बाकीचे शब्द हातचे जाऊ नयेत. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान बघा. मध्यरेषा, तिच्यापासून पावणेचार मीटरवर निदानरेषा, त्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. निदानरेषा! चढाईला गेलास तर निदान इथवर तरी जा, नाहीतर चढाई धरणार नाही. नियम नावातच सांगून ठेवला आहे. इंग्रजी बॉक लाइन म्हटलं की त्यातलं काही कळत नाही. आट्यापाट्यांत तर रेघेला पाटी म्हणतात, नऊ आडव्या पाट्या आणि त्यांना मधोमध छेदणारी सूरपाटी. टीव्हीवरच्या कबड्डीमुळे मुलं बोनस लाइन म्हणू लागली आहेत, तेही चालेल, पण निदानरेषा विसरली तर मला वाईट वाटेल.

आणि शेवटी सूत. इंग्रजांनी जवसाच्या दोरीपासून जे केलं, तेच आपण कापसाच्या धाग्यापासून कितीतरी आधी करून ठेवलं आहे. सूत्र म्हणजे धागा. त्याचं गणितातलं सूत्र झालं, पाणिनीचं सूत्र झालं, नाटकातला सूत्रधार झाला, आणि तोच शब्द झिजून लाकूडकाम करणारा सुतार झाला. सुतासारखा सरळ माणूस, सुतात असलेली भिंत. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. दोघांचं पटलं, मन बसलं, तर त्यांचं सूत जुळलं. लाइन मारण्यापेक्षा सूत जुळणं केवढं सुंदर आहे, त्यात दोघांचाही हात आहे. (सूतोवाच मात्र या घरातलं नाही. तिथला सूत म्हणजे पुराणं सांगणारा.)

आमच्या घरी परवा कपाटाचं काम निघालं होतं. सुतारकाका साठीचे, पोऱ्या विशीचा. फळीवर कापायची जागा ठरली. काकांनी गेरूच्या पाण्यात बुडवलेला दोरा काढला, एक टोक पोऱ्याच्या अंगठ्याखाली दिलं, दुसरं स्वतः धरून ताणलं, आणि म्हणाले, "सूत मार." पोऱ्या मान वर न करता म्हणाला, "कुठं लाइन मारू काका, इथं का?" काकांनी नुसती मान हलवली. पोऱ्याने दोरा मधोमध चिमटीत उचलून सोडला. टण्णकन आवाज झाला आणि फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबडी, ओली, एकदम सरळ खूण उमटली.

मी तिथे उभी राहून दोघांचेही शब्द वहीत लिहून घेतले. तुमच्या भागात या गेरूच्या दोऱ्याला काय म्हणतात, आणि वीज गेली की तुमच्याकडे काय जातं, लाइन, लाइट की आणखी काही, तेवढं मला सांगा.