खेळाडू आखलेली वाट सोडून भलतीकडेच गेले, तर खेळचालकाने काय करावे?

प्रश्न (मालवण)
आम्ही पाच जण पावसाळ्यापासून दर शनिवारी डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे नियम घेऊन, मात्र कथा मराठा आरमाराच्या काळातली ठेवून, टेबलावरचा भूमिकाखेळ खेळतो. खेळचालक, म्हणजे प्रसंग मांडणारा आणि निकाल सांगणारा, मी आहे. किल्ल्यातल्या कैद्याला रात्री गुराबेवर (आरमारी गलबतावर) चढवून नेण्याआधी सोडवायचे, असा डाव होता आणि त्यासाठी तीन आठवडे खपून मी चोरवाटेचा नकाशा, पहाऱ्याच्या वेळा, इतकेच काय किल्लेदाराच्या कुत्र्याचे नावही ठरवले होते. खेळाडू किल्ल्याकडे फिरकलेच नाहीत. ते किनाऱ्यावर रापण (मासेमारीचे मोठे जाळे) ओढायला गेले, तिथे गुराबेची बातमी काढली आणि ओहोटीत नांगराचा दोर कापून गुराब खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर रुतवायची, असे ठरवून बसले. मी घाईघाईने त्या कामाची कठीणता, म्हणजे फाशाच्या अंकात पात्राची जमेची बाजू मिळवून गाठायचा आकडा, २५ सांगितली. ते काय ते समजले आणि एकाने वहीच मिटली. खेळ तिथेच थांबला आहे. आता काय करावे?

उत्तर १ (देवगड)
दोर कापणाऱ्या पात्राची जमेची बाजू (फाशाच्या अंकात मिळवायचा त्याच्या कौशल्याचा आकडा) ५ धरली, तर १५ च्या कठीणतेला वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा अधिक पडावे लागते, म्हणजे यशाची शक्यता ५५ टक्के. २५ ला फक्त २० चालतो, म्हणजे ५ टक्के. आपण ‘नाही’ म्हणाला नाहीत, ते फाशाकडून वदवून घेतलेत, आणि खेळाडूंना राग आला तो याचाच. कठीणता कामावरून ठरावी, आपल्या नकाशाच्या काळजीवरून नव्हे. फासा टाकण्यापूर्वी आकडा आणि चुकल्यास काय होईल, हे दोन्ही उघड सांगावे. चुकल्यावर काहीच घडणार नसेल, तर फासा टाकायलाच लावू नये.

तयारीत वाट आखण्यापेक्षा पाणी आखा. ओहोटी साधारण सहा तासांची असते, म्हणून कागदावर सहा घरे काढा आणि वेळ गेला किंवा फासा चुकला की एक घर भरा. रापणीवर त्यांची दोन घरे गेलीच असतील. सहावे भरले की पाणी उलटेल, आणि मग दोर कापला तर गुराब दांड्यावर न जाता भरतीबरोबर आत, थेट तटाखाली येईल. मग त्यांनी काहीही ठरवले, तरी आपल्याला आडवे यावे लागणार नाही.

उत्तर २ (रत्नागिरी)
माझ्या मते खोट फाशातच आहे. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक अंकाला सारखीच ५ टक्के संधी असते आणि निकाल बहुधा ‘झाले’ किंवा ‘नाही झाले’ एवढाच लागतो. २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्डपासून रूढ झालेल्या पद्धतीत दोन साधे फासे टाकतात: ६ पर्यंत बेरीज आली तर संकट, ७ ते ९ ला काम होते पण किंमत मोजून, १० पासून पुढे पूर्ण यश. जमेची बाजू शून्य असेल, तर ३६ पैकी अनुक्रमे १५, १५ आणि ६ शक्यता. दोर कापला गेला, पण कोयती पाण्यात पडली आणि तिचा आवाज झाला, असे प्रसंग मधल्या खान्यातून आपोआप निघतात. लढाईचे बारकावे आवडणाऱ्यांना मात्र ही पद्धत अळणी लागते.

उत्तर ३ (कुडाळ)
फासे बदलून काय होणार? आपल्याकडच्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते; आख्यानाचा सांगाडा रंगपटात ठरतो आणि संवाद रंगमंचावर जागच्या जागी रचले जातात. समोरच्याने अनपेक्षित वाक्य टाकले, तर ते झेलूनच पुढे जावे लागते. फरक इतकाच की राक्षस शेवटी मरणार, हे तिथे सर्वांना ठाऊक असते आणि तुमच्या खेळात ते कुणालाच ठाऊक नसावे. देवगडकरांची घरांची युक्ती चांगली आहे, पण एका वेळी एकच ठेवा; तीन-चार झाली की खेळाची खतावणी होते. आणि तो नकाशा फाडू नका. गुराब रुतली तर कैदी किल्ल्यातच राहील आणि त्याला काढायला त्यांना तिथेच जावे लागेल.

प्रश्नकर्ता
नकाशाचे हे माझ्या लक्षातच आले नव्हते. येत्या शनिवारी २५ चा आकडा सर्वांसमोर मागे घेऊन १५ करतो, दोन घरे भरलेला कागद मधोमध ठेवतो आणि वही मिटणाऱ्यालाच पहिला फासा देतो. कुत्रा मात्र ठेवणार आहे.