लिहायला नवे विषय तुम्हाला कुठून मिळतात?

अक्षरवेल (धागाकर्ती):
कपाट आवरताना जुन्या टिपणांची एक वही हाती लागली. एका मासिकात मी सदर लिहीत असे, त्या काळातली ही वही. अंक छपाईला जाण्याचे दिवस जवळ आले की ‘या वेळी कशावर लिहायचे?’ या विचाराने पोटात कसा गोळा यायचा, ते पाने उलटताना पुन्हा आठवले. वहीत दोन तऱ्हेच्या नोंदी आहेत. ‘मैत्री’, ‘एकटेपणा’, ‘वाचन’ अशा एका शब्दाच्या नोंदींवरून आज काहीच सुचत नाही. याउलट ‘भांडण झाल्यावर आधी कोण बोलते, आणि का?’ किंवा ‘अर्धवट सोडलेले पुस्तक आपण पुन्हा पहिल्या पानापासून का सुरू करतो?’ या नोंदी वाचल्या की अजूनही लगेच लिहायला बसावेसे वाटते. विषय प्रश्नाच्या रूपातच टिपून ठेवावा, असे माझे मत त्यावरून झाले आहे. नियमित लिहिणाऱ्या सर्वांनी आपापले अनुभव सांगावेत, ही विनंती.

हिरवी पालवी:
ताई, अगदी पटले. मी बागकामावर लिहिते. ‘झाडांना पाणी कसे घालावे’ यावर लिहून झाले की पुढे सांगण्यासारखे काही उरले नाही असे वाटू लागते. मग एखादी वाचक विचारते, ‘माझ्या कुंडीतल्या झाडाच्या पानांच्या फक्त कडाच का करपतात?’ या एका प्रश्नाचा माग काढताना कळते की मुळांनी घेतलेले पाणी पानाच्या टोकांपर्यंत सर्वांत शेवटी पोहोचते, त्यामुळे पाण्याची टंचाई आधी तिथेच दिसते. शिवाय पाण्यातून आणि खतांतून आलेले क्षारही पानाच्या टोकांशी आणि कडांशी साठत जातात. इथे एका लेखाचे तीन लेख होतात : पाण्याचा, खताचा आणि कुंडीतल्या मातीचा. विषय जितका अरुंद घ्यावा तितके लिहायला अधिक मिळते, हा माझा अनुभव आहे.

सावकाश:
टिपण त्याच क्षणी करावे, एवढेच सांगतो. आपल्या मताला छेद देणारी वस्तुस्थिती किंवा विचार समोर आला की डार्विन तो न चुकता लगेच लिहून ठेवत असे, कारण अनुकूल गोष्टींपेक्षा अशा गोष्टी लवकर विसरल्या जातात हे त्याने अनुभवले होते. लेखनासाठीही हाच नियम उपयोगी पडतो. जे वाचून आपण ‘असे कसे असेल?’ म्हणतो, ते आधी टिपावे.

फळा आणि खडू:
माझे बहुतेक विषय वर्गातून येतात. ‘सहाला अर्ध्याने भागले तर उत्तर बारा येते, मग भागून संख्या वाढली कशी?’ असे एका विद्यार्थिनीने विचारले, तेव्हा मी रीत सांगून पुढे जाऊ शकले असते. पण भागाकार म्हणजे वाटणी, एवढेच मुलांच्या मनात पक्के बसलेले असते आणि ‘सहामध्ये अर्धे किती वेळा मावते?’ असे आपण त्यांना कधी विचारतच नाही, हे त्या प्रश्नामुळे माझ्या लक्षात आले. शिक्षक, परिचारिका, दुरुस्तीची कामे करणारे कारागीर अशा ज्यांना दिवसभर लोकांचे प्रश्न ऐकावे लागतात, त्यांच्याकडे विषयांचा साठा आपोआप जमतो. तो फक्त उतरवून ठेवायला हवा. प्रश्न विचारणाऱ्याच्या शब्दांतच तो उतरवावा. आपण शुद्ध करून लिहिला की त्यातली अडचण निघून जाते.

पानोपानी:
प्रश्नांच्या बरोबरीने वाचनही हवे, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते. मात्र वाचलेले वेळेवर सापडले पाहिजे. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने 1686 मध्ये टिपणवहीच्या सूचीची एक पद्धत प्रसिद्ध केली होती, तिच्यात नोंदीच्या मथळ्याचे पहिले अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर यांवरून पान ठरते. निक्लास लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाने सुमारे 90 हजार चिठ्ठ्या जमवल्या होत्या आणि अनेक चिठ्ठ्यांवर संबंधित चिठ्ठ्यांचे क्रमांक घातले होते. माझी पद्धत साधी आहे : नवी नोंद करताना तिच्याशी नाते सांगणारी एक जुनी नोंद शोधायची. त्या दोन नोंदींच्या मधल्या जागेत पुष्कळदा लेख दडलेला असतो.

सावकाश:
@पानोपानी, मोबाइलमध्ये की कागदावर?

पानोपानी:
बाहेर असताना मोबाइलमध्ये, घरी आल्यावर वहीत. दुसऱ्यांदा लिहिताना निम्म्या नोंदी गळून जातात आणि उरतात त्या कसदार असतात.

वाटसरू:
अडलो की मी चालायला जातो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना अधिक नव्या कल्पना सुचल्या होत्या; एकच अचूक उत्तर शोधायच्या कामात मात्र तसा लाभ दिसला नव्हता. म्हणून विषय शोधायला चालावे आणि मांडणी करायला बसावे, असे मी ठरवले आहे. अर्थात आधी डोके शिणवलेले असावे लागते. गणितज्ञ प्वांकारे यांना सहलीला जाताना, गाडीच्या पायरीवर पाऊल ठेवताक्षणी एक महत्त्वाची कल्पना सुचली होती, परंतु त्यापूर्वी ते त्याच विषयावर टेबलाशी बसून नेटाने काम करत होते.

दिवेलागण:
सगळे वाचते आहे. घरातल्या आजारपणामुळे बऱ्याच महिन्यांत काही लिहिलेले नाही आणि विषय शोधण्याइतके मनही मोकळे नाही. तरीही तुम्हा सर्वांचे अनुभव वाचून बरे वाटले.

अक्षरवेल:
@दिवेलागण, स्वतःची काळजी घ्या. लिहिण्याची घाई अजिबात करू नका. जमेल तेव्हा एखादी ओळ लिहून ठेवा, तीही जमली नाही तरी चालेल. घरच्यांना लवकर आराम पडो.

जुने ते सोने:
आपलेच जुने लेख उघडून पाहावेत, हा माझा सल्ला. माँतेन या फ्रेंच लेखकाच्या निबंधांचे पहिले दोन भाग 1580 मध्ये निघाले, तिसरा 1588 मध्ये, आणि त्यानंतरही 1592 मध्ये मृत्यू येईपर्यंत तो छापील प्रतीच्या समासात भर घालत राहिला. मत बदलले असेल तर ‘तेव्हा असे का वाटले आणि आता तसे का वाटत नाही’ हा अस्सल नवा विषय असतो, कारण तो दुसऱ्या कोणालाही लिहिता येणार नाही. जुन्या लेखातले जे वाक्य आपण घाईने उरकले होते, तेही पुष्कळदा स्वतंत्र लेख मागत असते.

निळी शाई:
‘यावर आधीच कोणी तरी लिहिले आहे’ या भीतीने अनेक जण थांबतात, त्यांच्यासाठी लिहिते. कॉपीराइटचे संरक्षणसुद्धा कल्पनेला नसते, तिच्या मांडणीला असते. 1994 च्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात हे स्पष्ट म्हटले आहे. दुसऱ्याची वाक्ये उचलू नयेत आणि श्रेय द्यावे, हे तर आलेच. पण विषय सर्वांचा आहे. मी उपलब्ध लेख वाचून त्यांनी काय गृहीत धरले आहे ते पाहते. बहुतेक लेखांत वाचकाकडे भरपूर वेळ आहे, शांत जागा आहे आणि मदतीला माणसे आहेत, असे धरलेले असते. ज्याच्याकडे यांपैकी काहीच नाही त्याने काय करावे, हे लिहायला घेतले की जुना विषयही नव्याने उभा राहतो.

हिरवी पालवी:
@निळी शाई, हे फार मोलाचे आहे. माझे लेखही मोठी बाग आणि मोकळी सकाळ गृहीत धरूनच लिहिले जातात, हे आता लक्षात आले. वरचा प्रतिसाद वाचून एका मैत्रिणीने कळवले की तिच्या झाडाची पाने पिवळी पडतात, पण फक्त नवी. जुनी हिरवीगार आहेत. नायट्रोजन कमी पडला तर झाड तो जुन्या पानांतून काढून नव्यांना देते, म्हणून आधी जुनी पाने पिवळी होतात. लोह तसे सहज हलवता येत नाही, म्हणून त्याची कमतरता नव्या पानांवर दिसते. कार्यालयातून उशिरा परतणाऱ्या माणसाला दिव्याच्या उजेडात हा फरक कसा ओळखता येईल, हे आता लिहायला घेते आहे.